गोळी चुकली की लागली, हे आधी जमिनीला विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्यातला तुमचा हा शिकारीचा दुसरा हंगाम. आज सोमवारी, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास, वीस फूट उंचीच्या ट्री स्टँडवरून (झाडाला बांधलेल्या मचाणावरून), साधारण १२० यार्डांवर उभ्या असलेल्या व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाच्या मादीवर तुम्ही .३०८ रायफलीने एक गोळी झाडलीत. रायफलीची नळी स्टँडच्या लोखंडी कठड्यावर टेकवली होती. मादी जागच्या जागी उसळली आणि शेपटी वर करून पाइनच्या झाडीत शिरली. तुम्ही खाली उतरलात, दहा मिनिटं रक्त शोधलंत, काही दिसलं नाही, अंधार झाला, घरी आलात. आता तुम्ही विचारता की लगेच दुसरी गोळी झाडायला हवी होती का, नेम उंचीमुळे चुकला की अंतरामुळे, आणि ती जागा या हंगामापुरती संपली का.

तिन्हींची उत्तरं देतो. पण त्याआधी एक पाऊल मागे या. ‘नेम चुकला’ हे तुम्ही धरूनच चालला आहात, आणि तुमच्या सगळ्या वर्णनात मला त्याचा एकही पुरावा सापडला नाही. शेपटी वर होती आणि रक्त दिसलं नाही, इतकंच तुम्हाला माहीत आहे. गोळी लागलेल्या हरणाच्या बाबतीतही या दोन्ही गोष्टी घडतात. तेव्हा आज रात्री झोप काढा आणि उद्या उजाडताच परत जा. कामावर दोन तास उशीर झाला तरी चालेल, पण जा.

भारतातूनही कोणी हे उत्तर वाचेल, म्हणून एक खुलासा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असायला हवा. अमेरिकेतली परिस्थिती वेगळी आहे. इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हाइटटेल बऱ्याच भागांतून जवळजवळ नाहीसं झालं होतं. पेनसिल्वेनियाने तर १९०६ मध्ये दुसऱ्या राज्यातून हरणं आणून सोडली. आज ती इतकी झाली आहेत की जंगलातली कोवळी रोपं वर येऊ देत नाहीत. हंगाम ठरलेला, परवाने मोजके, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरच्या करातला पैसा वन्यजीवांच्या कामाला जातो. मी बावीस हंगाम इथल्या डोंगरांत काढलेत, आणि नवशिक्या शिकाऱ्यांच्या सक्तीच्या वर्गात सवड मिळेल तसं शिकवतोही. जे सांगणार आहे ते त्या अनुभवातून.

माझा चौथा हंगाम. नव्वद यार्डांवर एक नर, आडवा उभा. बार काढला. नर उसळला, शेपटी वर करून लॉरेलच्या दाट झुडपांत गेला. मी खाली उतरलो, पाचेक मिनिटं पाचोळा उलटापालटा केला आणि स्वतःला सांगितलं, चुकला. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्यालाही तेच सांगितलं. त्याने एकच विचारलं, ‘कशावरून?’ मला उत्तर देता आलं नाही, तरी मी परत गेलो नाही. पाचव्या दिवशी त्या बाजूला कावळे जमलेले दिसले. नर माझ्या स्टँडपासून दोनशे पावलांच्या आत पडला होता. गोळी फुफ्फुसांच्या वरच्या भागातून आरपार गेली होती. मांस वाया गेलं होतंच, पण मला त्याहून जास्त लागलं ते हे की तो त्या दिवशी माझ्यापासून इतक्या जवळ होता आणि मी तेवढी पावलं चाललो नाही. म्हाताऱ्याने मला तिथूनच उलटं चालवलं, प्रेतापासून गोळी लागली त्या जागेपर्यंत. गोळी लागली तिथपासूनची पहिली ऐंशी पावलं जमिनीवर रक्ताचा थेंब नव्हता. मग त्याने कमरेइतक्या उंचीवरचं लॉरेलचं एक पान उलटून दाखवलं. पानाच्या कडेला वाळून तांबूस-काळी झालेली बोटभर रेघ होती, हरणाची कूस घासून गेली होती तिची. मी त्या दिवशी फक्त खाली बघत होतो.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे उद्या डोळे योग्य जागी जातील. गोळी छातीत वरच्या बाजूला लागली तर रक्त आधी छातीच्या पोकळीत साठतं. ती पोकळी भोकाच्या पातळीपर्यंत भरली की मगच ते बाहेर यायला लागतं. तोवर धावणारं हरीण पन्नास-शंभर यार्ड पुढे गेलेलं असतं. कधी चरबीचा गोळा किंवा आतड्याचा तुकडा भोकाला बुच्यासारखा बसतो. कधी गोळी पलीकडून बाहेरच पडत नाही आणि आत शिरल्याचं भोक वर असतं. या तिन्ही वेळी गोळी लागली त्या जागी जमीन कोरडी असते. नेमकी तिथेच दहा मिनिटं शोधून माणूस घरी जातो.

हरणाच्या हालचालीवरून अंदाज येतो, पण तो अंदाजच. मागचे पाय लाथ मारल्यासारखे झाडून उसळलं तर बहुधा छातीच्या खालच्या भागात, हृदयाच्या आसपास लागलेलं असतं. पाठ कमानीसारखी वाकवून, पाय आखडून सावकाश चालायला लागलं तर पोटात. शेपटी घट्ट खाली दाबून पळालं तर लागलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि वर करून पळालं तर कमी. ‘कमी’ म्हणजे शून्य नव्हे. तुमची मादी ‘जागच्या जागी उसळली’ असं तुम्ही लिहिलंय. बाराच्या आवाजाने दचकलेलं हरीण बहुधा आधी दबतं आणि मग पळतं. तुम्ही सांगितलेली ती उसळी मला स्वस्थ बसू देत नाही.

आता उद्या सकाळचं. एकटे जाऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या. वरून पाहिलेली जागा खाली उतरल्यावर ओळखू येत नाही हा नियमच आहे. वीस फुटांवरून मोकळी दिसणारी पट्टी जमिनीवरून चार सारख्या झाडांच्या घोळक्यात हरवते, आणि माणूस हमखास दहा-पंधरा यार्ड अलीकडे शोधत बसतो. तुमची पहिली दहा मिनिटं चुकीच्याच जागी गेली असावीत असा माझा अंदाज आहे. म्हणून हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) लावून तुम्ही स्टँडवर चढा, कालच्यासारखे बसा, आणि सोबत्याला हाताने खुणा करून मादी उभी होती तिथे नेमकं उभं करा. तिथे आणि झाडीत जिथे ती शेवटची दिसली तिथे, दोन्हीकडे नारिंगी फीत बांधायला सांगा. मगच खाली या. सोबती मिळाला नाही तर स्टँडवरून फोनवर फोटो काढा, एखादं ठसठशीत झाड धरा, आणि त्या झाडाकडे सरळ रेषेत चालत जा.

त्या जागी पोचलात की उभ्याने पाहू नका, गुडघ्यांवर बसा. सगळ्यात आधी खुरांच्या खुणा शोधा. दचकून झेप घेतलेल्या हरणाचे खूर फाकलेले आणि खोल असतात, पाचोळा उलटून त्याची ओली काळी बाजू वर आलेली असते. माझे आजोबा सांगली भागात रानात चुकलेल्या म्हशी अशाच हुडकायचे. ‘आधी माती बघ, मग गवत बघ, मग झाडाची बुंधाकड बघ’ हा त्यांचा क्रम मी पेनसिल्वेनियाच्या ओकच्या जंगलात आजही पाळतो.

खुणा सापडल्या की त्यांच्याभोवती वीतभर-वीतभर सरकत केस शोधा. नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही, पण रक्ताच्या आधी केस सापडतात. कापलेला एक केस सापडला तरी गोळी लागली, विषय संपला. हिवाळ्यातले केस जाड आणि पोकळ असतात, बोटांत दाबले तर गवताच्या काडीसारखे मोडतात. पाठीकडचे करडे-तपकिरी, टोकाला काळसर. पोटाखालचे पांढरे आणि बारीक. करड्या केसांचा मोठा पुंजकाच पडलेला दिसला तर गोळी बहुधा पाठीवरून चाटून गेली आहे. मूठभर केस आणि जवळजवळ रक्त नाही असं असेल, तर ते हरीण बरं होण्याची शक्यता चांगली असते.

मग रक्त. उद्या ते लाल दिसणार नाही हे डोक्यात पक्कं ठेवा. रात्रभरात ते तपकिरी-काळं होतं. शिवाय इथल्या जंगलात ओक आणि रेड मेपलच्या पानांवर तांबडे ठिपके असतातच, ते पाहून भलेभले फसतात. ओलं केलेलं बोट ठिपक्यावर घासा. रक्त पसरतं आणि बोटाला लागतं, पानाचा डाग तसाच राहतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. लहान फवाऱ्याच्या बाटलीत भरून न्या. रक्तावर पडलं की पांढरा फेस उठतो, अगदी वाळलेल्या रक्तावरसुद्धा. आणि जमिनीइतकंच झुडपांकडेही पाहा: गुडघ्यापासून कमरेपर्यंत, नेच्यांच्या पात्यांवर, पानांच्या खालच्या बाजूला, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर. ओंडका ओलांडताना हरणाचं पोट ताणलं जातं आणि तिथे हमखास थेंब पडतो.

जे सापडेल ते वाचायला शिका, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. गुलाबीसर, बुडबुड्यांचं, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस. हे हरीण शंभर-दीडशे यार्डांच्या आत पडलेलं असतं. गडद, दाट तांबडं म्हणजे यकृत. ते मरतंच, पण वेळ घेऊन. रक्तात हिरवट-तपकिरी कण आणि शेणासारखा वास असेल तर गोळी पोटात गेली. सुरुवातीला भरपूर भडक लाल आणि दोनशे यार्डांनंतर थेंब-थेंब होत बंद, असं असेल तर बहुधा पायाचा किंवा छातीपुढचा स्नायू.

वाट किती पाहायची हे यावरच ठरतं. हे पुढच्या वेळेसाठी, कारण उद्या सकाळपर्यंत तुमचे चौदा-पंधरा तास होऊन जातील. फुफ्फुसाची खात्री असेल तर अर्धा तास. यकृत वाटलं तर चार ते सहा तास. पोट वाटलं तर आठ ते बारा, म्हणजे संध्याकाळची गोळी असेल तर सरळ दुसरी सकाळ. पोटात लागलेलं हरीण त्रास दिला नाही तर बहुधा दोनशे-तीनशे यार्डांत दाट आडोशाला बसतं आणि तिथेच मरतं. तासाभरात मागे लागलात तर उठतं आणि मैलभर जातं, आणि उठल्यावर रक्त पडेलच असं नाही. म्हणून अंधारात झाडी तुडवत न राहता तुम्ही परत आलात ही चूक नव्हती. परत न जाणं ही चूक होईल.

इथे परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी आहेत. रात्री पारा शून्याखाली असेल तर सकाळपर्यंत मांस टिकतं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या) आठवड्यात कधी कधी उबदार रात्री येतात. चाळीस फॅरनहाइटच्या (साधारण साडेचार सेल्सिअसच्या) वर रात्र गेली तर मांस टिकेल याचा भरवसा नसतो, पोट फुटलेलं असेल तर नाहीच. पाऊस किंवा बर्फ येणार असेल तर थांबण्यापेक्षा माग पुसला जाण्याचा धोका मोठा. कोयोटी (इथले कोल्ह्या-लांडग्यासारखे प्राणी) असलेला भाग असेल तर सकाळी अर्धं खाल्लेलं हरीण सापडू शकतं. यातलं काहीही घडलं तरी मी जाईन, कारण मला ते हरीण कुठे आहे हे कळायला हवं. शिवाय पेनसिल्वेनियाचा कायदाही जखमी प्राणी मिळवण्याचा योग्य तो प्रयत्न करायला सांगतो. रात्री माग काढायची वेळ आली तर बंदूक सोबत नेता येते का, हे राज्याराज्यात वेगळं आहे. गेम वॉर्डनला (शिकारीचे कायदे पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) आधी फोन करा, ते नीट सांगतात.

माग लागला की त्यावर पाय देऊ नका, बाजूने चाला. शेवटच्या थेंबाशी सोबती उभा राहील आणि तुम्ही पुढचा थेंब शोधाल. तो सापडला की सोबती पुढे. दर थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला अडकवा. मागे वळून पाहिलं की त्या पांढऱ्या तुकड्यांची ओळ दिसते आणि हरीण कुठल्या दिशेने वळतंय ते कळतं. माग तुटला तर घाई करू नका. आधी हरणांच्या नेहमीच्या वाटांवर पुढे जाऊन पाहा, मग पाण्याकडे, मग उतारावर. काहीच मिळालं नाही तर पाइनच्या झाडीत वीस-वीस यार्डांच्या पट्ट्या पाडून चाला, किमान तीनशे यार्डांपर्यंत. झाडीत सतत पुढेच बघायचं असतं: पांढरं पोट, कानाचं टोक, सरळ झाडांमध्ये आलेली एखादी आडवी रेघ. मादी जिवंत आढळू शकते, म्हणून कायदेशीर वेळेत, नारिंगी जॅकेट-टोपी घालून, रायफल घेऊनच जा. शेजाऱ्याच्या जमिनीची हद्द आली तर थांबा आणि परवानगी मागा. ‘जखमी हरीण शोधतोय’ म्हटल्यावर नाही म्हणणारे शेतकरी मला फार थोडे भेटले.

एक मोठी मदत बऱ्याच जणांना माहीतच नसते. पेनसिल्वेनियात २०१८ पासून पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे. ही कुत्री केवळ रक्ताच्या वासावर चालत नाहीत. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असतात, त्यांचा वास प्रत्येक पावलाला जमिनीवर राहतो, आणि शिकवलेलं कुत्रं जखमी हरणाचा तो वास बाकी हरणांच्या वासांतून वेगळा धरतं. रक्ताचा थेंब नसतानाही अठरा-वीस तासांनी हरीण सापडलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. अशी कुत्री घेऊन येणारे काही जण पेट्रोलपुरते पैसे घेतात, काही तेही घेत नाहीत. फक्त एक अट: तुम्ही पाच जणांना घेऊन सगळी झाडी तुडवलीत तर बुटांना लागलेला वास सगळीकडे पसरतो आणि कुत्र्याचं काम अवघड होतं. म्हणून उद्या तासाभरात केस, रक्त किंवा मोडलेल्या खुणा मिळाल्या आणि मग माग तुटला, तर तिथेच थांबून कुत्रेवाल्याला फोन करा.

आणि चुकल्याचाही पुरावा असतो, तोही शोधा. मादी उभी होती त्या जागेच्या मागे, स्टँडपासून तिच्यापर्यंतची रेषा तशीच पुढे वाढवून जमिनीत कुठेतरी गोळीचा चर असेल. पाचोळा वीतभर फाकलेला, माती उकरलेली. किंवा तुमच्या आणि मादीच्या मध्ये एखादी अंगठ्याएवढी फांदी तुटलेली असेल, आतलं पांढरं ताजं लाकूड उघडं पडलेलं. असं काही स्वच्छ सापडलं, केस नाहीत, खुरांच्या खुणा दोनशे यार्ड सरळ आणि सारख्या अंतरावर पडत गेल्यात, रक्त नाही, तर मग तुम्ही म्हणा, चुकला. त्या दिवशी तुम्हाला झोप लागेल.

थोडक्यात उद्याचा क्रम असा: आधी जागा पक्की करा, मग खुरांच्या खुणा, मग केस, मग रक्त, मग माग. आणि शेवटी, यातलं काही नसेल तर, गोळीचा चर.

आता दुसऱ्या गोळीचा प्रश्न. लगेच बोल्ट ओढून नवं काडतूस आत घालायचंच, हरीण पडलेलं दिसलं तरीही. गाल रायफलीवरून उचलायचा नाही, स्कोपमधून (रायफलीवरच्या दुर्बिणीतून) पाहत राहायचं. बाराचा आवाज कुठून आला हे हरणाला पुष्कळदा कळत नाही. काही वेळा ते वीस यार्ड पळून थांबतं आणि मागे वळून बघतं. तेव्हा ते स्थिर असेल, आडवं असेल, पलीकडे डोंगर किंवा माती असेल, आणि तुमचा श्वास जागेवर आला असेल, तर दुसरी गोळी झाडा. पहिली लागली की नाही याची शंका असेल तर नक्कीच झाडा. पण पळत्या हरणावर नाही. बावीस वर्षांत पळत्या हरणावर झाडलेल्या गोळीने मी चांगलं काही घडलेलं पाहिलं नाही. घायाळ हरणं मात्र पाहिली आहेत. तुमची मादी थेट झाडीत गेली, तुम्ही झाडली नाहीत, हे बरोबर केलंत. पुढच्या वेळी एवढंच करा: ती नाहीशी झाल्यावर लगेच उतरू नका. घड्याळ पाहा, शेवटचं झाड मनात धरा, कान द्या. पाइनच्या झाडीत हरीण पडल्याचा आवाज स्पष्ट येतो, सुक्या फांद्या मोडतात. अर्धा तास बसा. मग रायफल रिकामी करून दोरीने खाली सोडा आणि उतरा.

नेम का चुकला असेल, हे आता, उद्याच्या तपासानंतर चुकला असंच ठरलं तर. तुमच्या दोन्ही शंका मी हिशेबाने बाजूला काढू शकतो. वीस फूट उंची आणि १२० यार्ड, म्हणजे ३६० फूट अंतर. हा कोन जेमतेम तीन अंशांचा होतो. त्याने गोळीत केसाइतकाही फरक पडत नाही. उंचीचा कोन धनुष्याला, वीस यार्डांवर, छळतो. अंतराचंही तसंच. .३०८ रायफलीचा नेम शंभर यार्डांना जुळवलेला असेल तर १२० यार्डांवर गोळी इंचाचाही फरक करत नाही. दोनशेला सुमारे चार इंच खाली जाते. हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठ-दहा इंच रुंद असते. तुमची गोळी अंतरामुळे तिच्याबाहेर गेली नाही.

माझी शंका तुम्ही सहज लिहून गेलात त्या वाक्यावर आहे: नळी लोखंडी कठड्यावर टेकवली होती. बार उडताना नळी थरथरते. कठीण वस्तूवर टेकलेली असेल तर ती तिथून उसळते आणि गोळी नेहमीच्या जागेपासून दूर, बहुतेक वेळा वर जाते. नळी कशालाच टेकवायची नसते. नळीच्या खालचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग टेकवायचा, तोही मऊ वस्तूवर: टोपी, हातमोजा, किंवा आपला डावा हात कठड्यावर ठेवून त्यावर रायफल. वर्गात आम्ही हे करून दाखवतो. एकच रायफल, एकच माणूस, आधी वाळूच्या पिशवीवर आणि मग लोखंडी पाइपवर नळी टेकवून. कागदावर गोळ्यांचा पुंजका कित्येक इंच सरकलेला पाहून मुलं गप्प होतात.

पण माझ्या शंकेवर विसंबू नका, तपासा. स्कोपच्या नेम जुळवायच्या चकत्यांना हात लावण्याआधी रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) जा. शंभर यार्डांवर, वाळूच्या पिशवीवरून, सावकाश तीन गोळ्या. तिन्ही एकत्र आणि मधोमध पडल्या तर रायफल निर्दोष आहे, स्कोप फिरवलात तर चांगली रायफल बिघडवाल. तिन्ही एकत्र पण एका बाजूला पाच इंच असतील तर स्कोपला कुठेतरी धक्का लागला आहे. झाडावर दोरीने ओढताना रायफल बुंध्याला आपटली होती का, आठवून पाहा. तिन्ही विखुरलेल्या असतील तर आधी स्कोपच्या कड्यांचे आणि खालच्या पट्टीचे स्क्रू पाहा. दर वर्षी कोणाचा तरी ढिला निघतोच.

रायफल निर्दोष निघाली तर मग आपण. मित्राला काडतुसं भरायला सांगा, त्यात अधूनमधून सरावाचं निकामी काडतूस, तुम्हाला न कळता. निकामी काडतुसावर ट्रिगर ओढल्यावर नळी खाली झुकली किंवा डोळे मिटले, तर बाराआधीच दचकण्याची सवय लागली आहे. त्याची लाज वाटून घेऊ नका, ही सवय बहुतेकांना लागते आणि घरी रिकाम्या रायफलीवर रोज वीस वेळा सावकाश ट्रिगर ओढून ती जाते. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहूनच. दुसरी सवय याहून चोरटी असते: बार उडताक्षणी काय झालं ते पाहायला मान वर उचलणं. ट्रिगर ओढतानाच मान उठायला लागते आणि गोळी पाठीवरून जाते. बार झाल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच गाल उचलायचा.

जागा संपली का? नाही. व्हाइटटेल मादीचा वावर साधारण चौरस मैलभर असतो आणि ती त्याच्याबाहेर सहसा जात नाही. एका बाराने ती गाव सोडत नाही. दोन-तीन दिवस त्या पट्टीवर ती अंधारातच येईल, इतकंच. मी असतो तर पुढचे तीन दिवस दुसरीकडे बसलो असतो आणि वारा बदलला की परत आलो असतो.

उद्या मादी सापडली तर हलवण्याआधी अँटलरलेस टॅग (बिनशिंगाच्या हरणासाठीची परवान्याची चिठ्ठी) भरून लावा आणि दहा दिवसांत नोंद करा. तुमचा भाग क्रॉनिक वेस्टिंग डिसीजच्या (हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाच्या) क्षेत्रात येत असेल तर डोकं आणि पाठीचा कणा त्या क्षेत्राबाहेर नेऊ नका. इतक्या तासांनी पोट उघडताना आधी वास घ्या. मागच्या मांड्यांच्या हाडाजवळचं मांस सगळ्यात आधी बिघडतं, तिथे नाक नेऊन पाहा. खालचा पाठीचा भाग पुष्कळदा वाचतो.

सूर्योदय सात-सव्वासातचा आहे. फीत, पेरॉक्साइडची बाटली, टॉयलेट पेपर, आणि सोबत एक माणूस. स्टँडवर चढून आधी त्याला मादीच्या जागी उभं करा.